मुलांचें चित्रपट-शिबिर : पालकांनीं काय पाहावें?

वार्षिक परीक्षा संपली कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : सुटीचे हे दिवस मुलांनीं घालवावे कसे? पूर्वीं आजोळ, आमराई आणि विहिरींतील पोहणें यांनीं तो प्रश्न परस्पर सोडविलेला असे. आतां त्यांच्या जोडीस निरनिराळीं शिबिरें आलीं आहेत. पोहण्याचीं, चित्रकलेचीं, नाट्याचीं, आणि अलीकडे चित्रपट तयार करण्याचींही. या शेवटच्या प्रकाराविषयीं आमच्या विद्यार्थ्यांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात. मूल हट्ट धरून बसलेलें असतें, जाहिरातींत मोठमोठीं आश्वासनें असतात, शुल्कही थोडें नसतें. आणि आंत नेमकें काय चालतें याची आईबापांस कल्पना नसते. यास्तव या विषयाची थोडी फोड करून सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम चित्रपट म्हणजे काय तें पाहूं. पडद्यावर दिसणारी हालचाल हा वस्तुतः डोळ्यांस होणारा भास होय. साधारणतः एका सेकंदांत २४ स्थिर चित्रें डोळ्यांपुढून जातात आणि आपणांस मनुष्य चालतांना दिसतो. या हिशेबानें पांच मिनिटांच्या लहानशा चित्रपटांत ७,२०० चित्रें होतात. कॅमेरा तीं आपोआप घेतो, म्हणून मुलांस हें काम सोपें वाटतें. परंतु मातीची बाहुली थोडी थोडी सरकवून तिला चालतांना दाखवावयाचें म्हटलें, आणि सेकंदास १२ च चित्रें घेतलीं, तरी एका मिनिटासाठीं ७२० वेळां ती बाहुली हातानें हालवावी लागते व ७२० वेळां चित्र घ्यावें लागतें. ज्या मुलानें हें एकदां केलें तें पुढें पडद्याकडे पूर्वींसारखें पाहत नाहीं. समोर दिसतें तें कोणीतरी श्रमपूर्वक रचिलेलें आहे, हें त्यास कळूं लागतें. आमच्या मतें अशा शिबिराचा मोठा लाभ हाच.

आतां कामाचा क्रम पाहूं. आधीं कथा, मग पटकथा. पटकथेच्या एका पानास पडद्यावर अदमासें एक मिनिट लागतें, असा या धंद्यांतील लोकांचा ढोबळ आडाखा आहे. त्यामुळें पांच मिनिटांच्या चित्रपटास पांच पानेंच पुरतात. वीस पानांची कथा घेऊन आलेल्या मुलास पंधरा पानें टाकून द्यावीं लागतात. ह्या टाकण्यांत पुष्कळ शिक्षण आहे. त्यानंतर कोणतें दृश्य कोठून घ्यावयाचें याचीं लहान लहान रेखाचित्रें काढावयाचीं. मग चित्रीकरण, मग संकलन, आणि सरतेशेवटीं आवाज व संगीत यांची जुळवाजुळव. दहा दिवसांचें शिबिर असेल तर पहिले दोनतीन दिवस कथा व रेखाचित्रें यांतच जावयास हवेत, आणि शेवटचे तीन दिवस तरी संकलनास मिळावयास हवेत. "चार दिवस झाले, अजून मुलाच्या हातीं कॅमेरा दिला नाहीं," अशी तक्रार घेऊन पालकांनीं धावूं नये. उलट पहिल्याच दिवशीं कॅमेरे वांटून मुलांस मोकळें सोडणाऱ्या शिबिराविषयीं शंका घ्यावी.

हा उद्योग आपल्या प्रांतांत जन्मास आला तोच मुळीं एका कुटुंबांत, हें येथें आठवावेंसें वाटतें. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणिला. भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं आरंभीं केलें काय? तर कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून त्याचा अंकुर कसा वाढतो याचीं चित्रें दिवसामागून दिवस टिपलीं आणि तीं पडद्यावर चालवून दाखविलीं. पुढें 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. त्याच्या पाठीमागें पत्नी सरस्वतीबाई यांचे कष्ट होते. कच्च्या फिल्मेस छिद्रें पाडणें, ती धुणें, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटांत कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

फाळक्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो, तो मात्र पालकांनीं विचारपूर्वक ध्यानांत ठेवावा. वांगणीजवळ चित्रीकरण चाललें असतां भालचंद्र खेळतां खेळतां पडला, डोक्यास दगड लागला व तो बेशुद्ध झाला. नेमका रोहिदासाच्या मृत्यूचा भाग चित्रित व्हावयाचा होता. वडिलांनीं प्रथमोपचार केले. मुलास मुंबईस न्यावें अशी सूचनाही झाली. परंतु त्यांनीं त्याच स्थितींत तें दृश्य पुरें करून घेतलें. सर्वस्व पणास लावलेल्या त्या पुरुषाचा न्याय करावयास आम्ही बसलों नाहीं. पण कॅमेरा सुरू असला म्हणजे जन्मदात्या बापासही मुलापेक्षां दृश्य मोठें वाटूं शकतें, मग परक्याची गोष्टच नको. म्हणून ज्यांच्या हातीं आपण आपलें मूल देतों ते वेळ आल्यास चित्रीकरण थांबवितील काय, हा पहिला प्रश्न होय; शुल्काचा दुसरा.

या दृष्टीनें शिबिरास भेट देऊन कांहीं गोष्टी स्वतः पाहाव्या. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील ऊन कसें असतें तें सांगावयास नको. बाहेरचें चित्रीकरण सकाळीं लवकर व संध्याकाळीं पांचानंतर असावें. त्या वेळचा तिरपा, कोंवळा प्रकाश चेहऱ्यावर सुंदर पडतो, म्हणून कलेच्या दृष्टीनेंही तेंच योग्य. दुपारीं सावलींत बसून संकलन करावें. पिण्याचें पाणी, प्रथमोपचाराची पेटी, मुलींसाठीं वेगळी व्यवस्था, आणि गच्ची, विहीर, रहदारीचा रस्ता अशा ठिकाणीं चित्रीकरण करूं न देण्याचा नियम, हें सर्व आहे कीं नाहीं तें विचारावें. कोणत्याही शिक्षकानें एकट्या मुलास बंद खोलींत संकलनास बसवूं नये. दार उघडें असावें व दुसरें कोणी जवळ असावें. हें विचारतांना संकोच मानूं नये. चांगल्या शिबिराचे चालक असे प्रश्न ऐकून रागावत नाहींत.

धंदेवाईक चित्रपटांत काम करणाऱ्या मुलांसाठीं कायद्यानें मर्यादा घातल्या आहेत. बालकामगारांविषयींच्या १९८६ च्या कायद्यास २०१६ सालीं दुरुस्ती झाली व २०१७ सालीं नियम झाले. त्यांप्रमाणें मुलास दिवसांतून पांच तासांहून अधिक आणि विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक काम देतां येत नाहीं. मुलाच्या मिळकतीचा निदान पंचमांश त्याच्या नांवें बँकेंत ठेवावा लागतो. शिबिर हें शिक्षण आहे, नोकरी नव्हे. तरी तासांचें हें माप तेथेंही लावून पाहण्यास हरकत नाहीं. पैसे मिळविणाऱ्या मुलास जी विश्रांति मिळते ती पैसे भरणाऱ्या मुलास मिळूं नये काय?

आतां शिक्षणाविषयीं. गेल्या कांहीं वर्षांत दोन शिबिरें आमच्या पाहण्यांत आलीं. पहिल्याच्या समारोपास आम्ही हजर होतों. पडद्यावर आलेला चित्रपट इतका सफाईदार होता कीं पालकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. आमची एक विद्यार्थिनी मात्र मागच्या रांगेंत डोळे पुशीत बसली होती. विचारतां ती म्हणाली, "सर, आमच्या गोष्टींत आजी शेवटीं गप्प बसते. रात्रीं त्यांनीं संकलन केलें आणि आजीला रडायला लावलें. आम्हांला विचारलेंसुद्धां नाहीं." तिचें म्हणणें खरें होतें. तो चित्रपट शिक्षकांचा होता. मुलांचीं फक्त नांवें होतीं.

दुसऱ्या शिबिरांतील चित्रपट पुष्कळ ओबडधोबड होता. एका ठिकाणीं चित्र हाललें, एका ठिकाणीं वाऱ्यानें संवाद बुडाले. सहावींतला एक मुलगा संपूर्ण चित्रपटांत कोठेंच दिसला नाहीं. त्याची आई हिरमुसली होऊन म्हणाली, "अरे, एवढे पैसे भरले आणि तुझा चेहरासुद्धां नाहीं?" तो म्हणाला, "आई, पावसाचा आवाज ऐकलास ना? तो मीं केला. ताटांत तांदूळ ओतून." त्यानें तो आवाज सात वेळां घेतला होता, पितळेचें ताट, स्टीलचें ताट, सूप, सर्व करून पाहिलें होतें. पुढें दोन महिने तो घरांत कान देऊन हिंडत होता, असें आईनेंच आम्हांस नंतर सांगितलें.

या दोहोंतील भेद पालकांनीं ओळखावा. शेवटच्या दिवशींचा चित्रपट हा शिबिराची परीक्षा नव्हे. निर्णय कोणी घेतले, ही परीक्षा. यासाठीं तीन गोष्टी आधींच विचाराव्या. एक, एका गटांत मुलें किती? पांचसहा असल्यास प्रत्येकास काम मिळतें. पंधरा असल्यास दहा जण उभे राहून पाहतात. दोन, कामें आळीपाळीनें बदलतात काय? दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, अभिनय व संकलन यांपैकीं प्रत्येकाची थोडी तरी चव सर्वांस मिळावी. धीट मुलगा रोज दिग्दर्शक व लाजरी मुलगी रोज सामान सांभाळणारी, असें होऊं नये. तीन, संकलनाच्या वेळीं संगणकावर हात कोणाचा असतो? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून बहुतेक सर्व कळून येतें.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. मुलाचें चित्र व नांव जाहिरातींत किंवा इंटरनेटवर घालण्याची परवानगी बहुधा प्रवेशपत्राच्या तळाशीं बारीक अक्षरांत मागितलेली असते. ती वाचल्यावांचून सही करूं नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं २०२३ सालीं झालेल्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक मानिली आहे. ती देणें न देणें आपल्या हातीं आहे. दुसरें, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. त्यामुळें शिबिराचे चालक त्या कृतीवर आपला हक्क सांगण्याचा संभव असतो. मुलास प्रत मिळेल काय, ती स्पर्धेस पाठवितां येईल काय, हें लेखी घ्यावें. तिसरें, लोकप्रिय गाणें मुलांच्या चित्रपटांत घालूं देऊं नये. गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातींत व त्यानंतर ६० वर्षें राहतो. त्यापेक्षां मुलांनीं स्वतः पेटी, तबला, शीळ, काय येत असेल तें वाजवावें. दुसऱ्याच्या श्रमांस मान द्यावयाचा हा धडाही त्यांस मिळेल.

"तुमच्या मुलास मालिकेंत भूमिका मिळवून देऊं," असें जेथें सांगितलें जातें तेथें मूल पाठवूं नये. पुण्यास जेथें प्रभात कंपनीचा कारखाना होता त्या जागीं १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढिली. तेथें पदवीधरांसही दिग्दर्शन किंवा छायाचित्रण यांसाठीं तीन तीन वर्षें शिकावें लागतें. मग दहा दिवसांत कोणी दिग्दर्शक किंवा नट कसा होईल? दहा दिवसांत मूल पाहावयास शिकतें, इतरांचें ऐकावयास शिकतें, आपली आवडती कल्पना गटासाठीं सोडून द्यावयास शिकतें. तेवढ्यासाठीं पाठवावयाचें असेल तर अवश्य पाठवावें.

आमच्या शाळेंत शेतकऱ्यांचीं, मजुरांचीं व कारकुनांचीं मुलें आहेत, आणि शिबिराचें शुल्क सर्वांस परवडणारें नाहीं हें आम्ही जाणतों. त्या मुलांनीं खट्टू होऊं नये. घरांत एक मोबाईल असला म्हणजे पुरे. खिडकीशीं कुंडी ठेवावी, तींत वाटाण्याचे चार दाणे पेरावे. समोर पुस्तकांच्या चळतीवर मोबाईलची जागा खडूनें आंखून ठेवावी, म्हणजे प्रत्येक वेळीं तो तेथेंच ठेवितां येईल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनीं एक चित्र घ्यावें. दिवसास सहा चित्रें धरलीं तर वीस दिवसांत १२० होतात. सेकंदास १२ प्रमाणें तीं एकामागून एक दाखविलीं कीं दहा सेकंदांचा चित्रपट झाला. या वीस दिवसांत पाणी घालणें, वेळ पाळणें, धाकट्या भावंडांस कुंडी हालवूं न देणें, हें सर्व आलें. फाळक्यांनींही आरंभ येथूनच केला होता.

शेवटीं पालकांस एक विनंति. शिबिराच्या समारोपाच्या रात्रीं घरीं परततांना "तूं पडद्यावर किती वेळ दिसलास?" असें मुलास विचारूं नये. "तूं काय काय ठरविलेंस? कोणाशीं भांडलास? मग तें मिटलें कसें?" असें विचारावें. मूल जर वाटभर बोलत राहिलें, तर आपले पैसे वायां गेले नाहींत असें खुशाल समजावें. आणि तें गप्प राहिलें, तर पुढच्या सुटींत त्यास आजोळीं पाठवावें. आमराई अजून कोठें गेलेली नाहीं.