समुद्राकाठचे गोडे पाणी

मुंबईत चर्चगेट स्थानकाजवळ, क्रॉस मैदानाच्या कडेला, भिखा बेहराम यांची विहीर आहे. त्या पारशी गृहस्थांनी ती १७२५ साली बांधविली. त्या काळी समुद्र आजच्याहून बराच जवळ होता. तरी विहिरीला गोडे पाणी लागले, आणि ते आजही गोडेच आहे. गिरगावच्या वाड्यांतूनही पूर्वी विहिरी होत्या. १८६० साली विहार तलाव बांधून झाला. तोवर मुंबईकरांची तहान विहिरी आणि तळी यांवरच भागत असे. पुढे हिवतापाच्या डासांपायी पुष्कळ विहिरी बुजविल्या गेल्या, ती गोष्ट निराळी.

चोहोकडे खारा समुद्र असताना जमिनीच्या पोटात गोडे पाणी टिकते कसे?

पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि मुरमाच्या थरात व काळ्या कातळाच्या भेगांत साठते. किनाऱ्याकडून समुद्राचे पाणीही जमिनीखाली शिरत असते. दोहोंची गाठ पडली, की हलके गोडे पाणी वर राहते आणि जड खारे पाणी खाली. चाळीस लिटर गोड्या पाण्याचे वजन चाळीस किलो भरते. तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे एक्केचाळीस. फरक अवघा एका किलोचा! पण सारा तोल त्यावरच अवलंबून आहे. भूजलाची पातळी समुद्राहून एक मीटर उंच असली, तर तिच्या भाराने खारे पाणी समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटर दबून राहते. हा हिशेब हॉलंडमधील घायबेन यांनी १८८९ च्या सुमारास आणि जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ साली मांडला. भेगाळ कातळात तो तंतोतंत उतरत नाही. नियम मात्र तोच.

आता हिशेब उलटा करा. गोड्या पाण्याची समुद्राहून असलेली उंची एक वीत घटली, तर खारे पाणी हळूहळू चाळीस विती वर चढेल. आणि समुद्र तर खरोखरच चढतो आहे. पृथ्वी तापत असल्यामुळे बर्फ वितळते, तापलेले पाणी फुगते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरांनी, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली.

तुम्ही म्हणाल, समुद्राबरोबर जमिनीतले पाणीही वर चढेल. मग बिघडले कोठे? जेथे चढायला जागा आहे, तेथे तसे होतेही. परंतु दादर-परळमधील हिंदमातासारख्या सखल भागांत पाणी आधीच जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असते. ते आणखी वर आले, की गटारांत झिरपते, इमारतींच्या तळघरांत शिरते, आणि तेथून पंपाने उपसून टाकावे लागते. अशा वेळी समुद्र वर चढतो, गोडे पाणी मात्र होते तेथेच राहते. शिवाय भिजलेल्या जमिनीत पावसाला मुरायला जागा उरत नाही. ते पाणी रस्त्यावर तुंबते.

त्यात आपणही भर घालतो. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती आणि फरशीची अंगणे आहेत. पाऊस फरशीवरून वाहून जातो, आणि टँकर भरण्यासाठी विहिरी मात्र उपसल्या जातात. म्हणूनच २००२ सालापासून महापालिकेने मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविणे वा जमिनीत जिरविणे बंधनकारक केले आहे. हे काम आधी करण्यातच शहाणपण आहे. कारण विहीर एकदा खारी झाली, की तिच्याखालचे मीठ धुऊन निघण्यास अनेक पावसाळे जावे लागतात.