घरच्या कुत्र्यांतील जीवघेणें वैर

सुशिक्षित कुटुंबांत कुत्रा पाळण्याची आवड अलीकडे बरीच वाढली आहे, आणि एकाला सोबत म्हणून दुसरा आणण्याची हौसही तिच्या पाठोपाठ येते. बहुतेक घरांत अशी जोडी वर्षानुवर्षें सुखानें नांदते. परंतु कांहीं घरांत मात्र एके दिवशीं, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, त्याच दोन कुत्र्यांत अशी झुंज जुंपते कीं, पांच-दहा मिनिटांच्या आंत एकाचा प्राण जातो. ज्या मुलांनीं त्या दोघांना एकाच घोंगडीवर निजतांना पाहिलेलें असतें, त्यांच्या देखत हें घडतें. घरांतील वडील माणसेंही अशा वेळीं दिङ्मूढ होतात. दोष कोणाचा, मागें उरलेल्या कुत्र्याचें काय करावयाचें, मुलें सुरक्षित आहेत काय, असे प्रश्न एकदमच पुढें उभे राहतात. विषय अप्रिय आहे खरा. पण अप्रिय म्हणून तो टाळण्यासारखा नाहीं. सबब त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असा प्रकार घडला म्हणजे शेजारीपाजारी म्हणतात, "कुत्र्यांना वळणच नव्हतें!" हें म्हणणें नेहमींच न्यायाचें नसतें. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिनें आपल्या दीर्घ आयुष्यांत तीसांहून अधिक कॉर्गी कुत्रे बाळगले. कुत्र्यांच्या स्वभावाची तिला उत्तम पारख होती, आणि त्यांच्या तैनातीला नोकरचाकरांची वाण नव्हती. तरीही इ. स. १९८९ मध्यें राजमातेच्या रेंजर नांवाच्या कॉर्गीनें पुढाकार घेतला, बाकीच्यांनीं त्याला साथ दिली, आणि त्या सर्वांनीं मिळून राणीच्या चिपर नांवाच्या कुत्र्याला ठार केलें. इ. स. १९९१ मध्यें विंडसर येथें कुत्र्यांची झुंज सोडविण्यास राणी स्वतः मध्यें पडली, तेव्हां तिच्या डाव्या हाताला चावा बसून तीन टांके घालावे लागले. इ. स. २००३ च्या नाताळांत राजकन्या ॲन सँड्रिंगहॅम येथें आली असतां तिच्या बुल टेरियर कुत्रीनें राणीच्या फॅरोस नांवाच्या कॉर्गीला इतकें जखमी केलें कीं, त्यास दयामरण द्यावें लागलें.

या तीन प्रसंगांत या विषयाचें बरेंचसें सार आलें आहे. पहिल्यांत कळपाचा स्वभाव दिसतो: दोघांचें भांडण लागलें कीं तिसरा व चौथा त्यांत पडतो, आणि जो खालीं पडला त्याच्यावर सर्वजण तुटून पडतात. दुसऱ्यांत माणसाचा हात दिसतो: झुंजीच्या आवेशांत कुत्र्याला आपल्या धन्याचा हातही ओळखूं येत नाहीं. तिसऱ्यांत दार दिसतें: पाहुणे यावेत, घंटा वाजावी, सर्व कुत्र्यांनीं एकदम दाराकडे धांव घ्यावी, हा क्षण फार स्फोटक असतो.

आतां 'अचानक' या शब्दाचा विचार करूं. झुंज अचानक होते. वैर मात्र बहुधा अचानक होत नाहीं. तें मुरत असतां आपल्या दृष्टीस पडत नाहीं, इतकेंच. दोघांपैकीं एकजण जिन्यावर किंवा उंबरठ्यावर आडवा पडून दुसऱ्याची वाट अडवितो. दुसरा त्या खोलींत जाण्याचेंच सोडून देतो. एकजण दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी टेकून ताठ उभा राहतो, किंवा डोळ्याची पापणी न लवूं देतां त्याच्याकडे टक लावून पाहतो. गुरगुरणें ऐकूं आलें कीं आपण दटावतों व तें बंद होतें. पण गुरगुरणें ही कुत्र्याची भाषा आहे. ती दाबून टाकिली म्हणजे राग नाहींसा होतो असें नाहीं, फक्त पूर्वसूचना मिळेनाशी होते. एकत्र कुटुंबांत तर हीं लक्षणें वांटली जातात. आजोबांना एक दिसलेलें असतें, सुनेला दुसरें, नातवाला तिसरें. तीं एके ठिकाणीं कोणीच मांडून पाहिलेलीं नसतात.

अमेरिकेंत इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधांत घरच्या कुत्र्यांतील भांडणांच्या ३८ प्रकरणांचा अभ्यास आहे. त्यांपैकीं ३० प्रकरणांत भांडणारे दोघे एकाच लिंगाचे होते, आणि माद्यांचा संबंध नरांपेक्षां अधिक आढळला. भांडण उकरणारा कुत्रा बहुधा वयानें लहान किंवा घरांत मागाहून आलेला असे. भांडणाचीं निमित्तें तरी काय? धन्याची माया, खाणें, सांपडलेली एखादी वस्तु, आणि घरांतील गडबड. कुत्रा एक ते तीन वर्षांच्या दरम्यान मनानें प्रौढ होतो, व पुष्कळदां याच वयांत जुन्या मैत्रीला तडा जातो. दोन बहिणी किंवा दोन भाऊ एकाच वेळीं आणून वाढविले म्हणजे ते भांडणार नाहींत, ही समजूत अनुभवास उतरत नाहीं. नसबंदीनें नरांच्या झुंजी कधीं कमी होतात. माद्यांच्या वैराला तो हमखास उतारा नव्हे.

याच संबंधांत एक जुनी कल्पना टाकून दिली पाहिजे. इ. स. १९४७ मध्यें रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञानें कोंडलेल्या लांडग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यावरून कळपांत एक राजा असतो व तो बळानें राज्य करितो, असा समज रूढ झाला. पुढें डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानें, ज्याच्या इ. स. १९७० च्या ग्रंथामुळें हा समज फार पसरला होता त्यानेंच, इ. स. १९९९ मध्यें दाखवून दिलें कीं, रानांतील कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं मुलें यांचें एक कुटुंब असतें. तेव्हां "त्यांचें त्यांना ठरवूं द्या, कोण मोठा तें एकदां कळलें कीं भांडण मिटेल," हा सल्ला शास्त्राला धरून नाहीं. घर हा आखाडा नव्हे. कर्त्या माणसांनींच शिस्त घालावयाची असते.

कांहीं वेळां कारण शरीरांत असतें. सांध्यांचें दुखणें, कानाचा किंवा दांतांचा विकार, कमी झालेली दृष्टि, मेंदूचा रोग, गळ्यांतील ग्रंथीचा बिघाड यांमुळें शांत कुत्राही एकाएकीं चावरा होतो. सबब स्वभाव बदलला असें दिसतांच प्रथम पशुवैद्याकडे जावें. मुंबईस परळ येथें तर इ. स. १८८६ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे. आतां लहान शहरांतही जाणते पशुवैद्य मिळतात. शिवाय आपल्या देशांत पिसाळण्याच्या रोगाची शंका मनांतून काढून चालत नाहीं. कारणावांचून हल्ला करणाऱ्या कुत्र्याला लस टोचलेली नसेल किंवा त्याला अलीकडे बाहेरचा कुत्रा चावलेला असेल, तर ही गोष्ट वैद्यास आधीं सांगावी. झुंज सोडवितांना माणसाला चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर ती जखम साबण व वाहतें पाणी घेऊन पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड यांपैकीं कांहींएक भरूं नये. आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन टोचण्यांचा क्रम सुरू करावा व तो पुरा करावा.

प्रत्यक्ष झुंजीच्या वेळीं काय करावें? प्रथम मुलांना खोलीबाहेर काढावें. हात मध्यें घालूं नये. मानेचा पट्टाही धरूं नये. पातेल्यावर पळी बडवून मोठा आवाज करावा, बादलीभर पाणी तोंडावर फेंकावें, किंवा दोघांच्या मध्यें पाट, खुर्ची अथवा फळी सारावी. जाड सतरंजी अंगावर टाकिल्यानेंही कधीं पकड सैल होते. दोन धट्टींकट्टीं माणसें असतील तर प्रत्येकानें एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून मागें मागें सरावें. मात्र एकानें दांत रोवून धरले असतील तर ओढाओढ करूं नये, तिनें जखम फाटते. सुटतांच दोघांना निरनिराळ्या खोल्यांत कोंडावें. क्षणभर मोकळे राहिले तर ते पुन्हां भिडतात. एकट्या माणसाला हें साधण्यासारखें नसेल तर त्यानें आपला जीव धोक्यांत घालूं नये.

जखमांविषयीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. सुळ्याचें भोंक वरून मुगाएवढें दिसतें, पण आंत स्नायु चिरडलेले असतात. मोठ्या कुत्र्यानें लहानाला तोंडांत धरून झटकले असेल तर त्याच्या छातीला किंवा पोटाला आंतून मार बसलेला असतो. हिरड्या पांढुरक्या पडणें, श्वास जोरांत चालणें, अंग गार लागणें हीं भयसूचक चिन्हें होत. "उठून पाणी प्याला, आतां बरा आहे," असें म्हणून सकाळची वाट पाहूं नये. आणि दोघेही वांचले तर दुसऱ्या दिवशीं त्यांची समजूत घालण्यासाठीं त्यांना समोरासमोर आणूं नये. कांहीं आठवडे दोन बंद दारें मध्यें ठेवावींत व पुढील पाऊल जाणत्याच्या सल्ल्यानें टाकावें.

एकाचा प्राण गेला तर उरलेल्याचें काय, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. रागाच्या भरांत त्याला मारणें व्यर्थ आहे. झुंज संपल्यावर बसलेला मार कशाबद्दल, हें कुत्र्याला उमगत नाहीं; तो फक्त माणसाला भिऊं लागतो. महाभारताच्या आदिपर्वांतील सरमेची कथा आमच्या वाचकांस आठवत असेल. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञांत आलेल्या तिच्या मुलाला मारिलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नव्हतें. "निरपराध मुलाला कां मारिलें?" या तिच्या प्रश्नाला त्यांना उत्तर देतां आलें नाहीं, आणि तिचा शाप त्यांना घ्यावा लागला. हल्ला करणारा कुत्रा सरमेच्या मुलासारखा निरपराध असेल वा नसेल. चौकशीवांचून दंड करूं नये, हा बोध दोन्हीं ठिकाणीं सारखाच लागू आहे.

कुत्र्याला मारणारा कुत्रा माणसाला मारीलच असें नाहीं. हे दोन स्वभाव निरनिराळे आहेत. तरी घरांत रांगतें मूल असेल तर निर्णय अधिक सावधपणें घ्यावा. मार्ग तीन आहेत. एक, त्याला एकट्यालाच ठेवणें, बाहेर नेतांना मुसकें बांधणें, आणि पुन्हां दुसरा कुत्रा न आणणें. दुसरा, जेथें अन्य प्राणी नाहींत अशा घरीं सर्व हकीकत उघड सांगून देणें; ती लपविणें म्हणजे आपलें संकट दुसऱ्याच्या दारीं नेऊन टाकणें होय. तिसरा, पशुवैद्यानें नीट पारख करून दुसरा उपाय नाहीं असें सांगितल्यास दयामरण. हा मार्ग पत्करणाऱ्यांस निष्ठुर म्हणण्याचा कोणास अधिकार नाहीं. रात्रीं गाडींत घालून दूर सोडून देणें हा मात्र मार्ग नव्हे. अशा रीतीनें जनावराला उपासतापास भोगण्यास सोडणें हा इ. स. १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे.

आणि घरांतील माणसांचें काय? दार कोणीं उघडें टाकिलें, बिस्किट कोणीं दिलें, यावरून एकत्र कुटुंबांत बोलाचाली होऊन मनें दुखावतात, आणि बहुधा सर्व खापर घरांतील धाकट्या सुनेवर किंवा एखाद्या मुलावर फुटतें. कर्त्या पुरुषानें व वडील बाईनें हें पहिल्याच दिवशीं थांबवावें. दहा माणसांच्या हातून मिळून जें सुटलें त्याचा भार एकाच्या माथीं देणें अन्याय आहे. मुलांना "तो गांवाला गेला" असें सांगूं नये, खरें तें त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावें, रडूं द्यावें, आणि "माझ्यामुळें झालें का?" असें त्यांनीं विचारल्यास स्पष्ट नाहीं म्हणावें. ज्या मुलानें झुंज पाहिली तें रात्रीं दचकून उठत असेल तर कांहीं दिवस त्याला जवळ निजवावें.

ज्यांच्या घरीं आज दोन कुत्रे सुखानें आहेत त्यांनीं भ्यावयाचें कारण नाहीं. पण घरांतील सर्वांनीं एकदां एकत्र बसून कांहीं नियम ठरवावेत. दोघांच्या ताटल्या दोन खोल्यांत असाव्यात. पंगतींतून कोणींही घांस टाकूं नये. हाड देणें तें एकेकट्याला, दार लावून द्यावें. घंटा वाजली कीं आधीं कुत्रे आंत, मग दार उघडावें. सणासुदीला व फटाक्यांच्या दिवसांत दोघांना वेगळें ठेवावें. घरीं कोणी नसतां दोघांना एकत्र सोडूं नये. आणि ज्याला जें खटकलें तें त्यानें त्याच दिवशीं सर्वांना सांगावें. हे नियम पाळण्यास पैसा लागत नाहीं, फक्त घरांत एकवाक्यता लागते. आणि मुक्या जिवांचा सांभाळ पत्करिला म्हणजे तेवढें तरी आपल्याकडे लागतेंच.