आगंतुक : परक्या देशातला पहिला दिवस

'आपला' आणि 'परका' हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. आज त्यांचा विचार एका अगदी साध्या प्रसंगावरून करू. लांबचा प्रवास करून एखादा माणूस एकटाच परक्या देशात उतरतो. त्याचं नेमकं काय हरवलेलं असतं?

घर, माणसं, भाषा, असं आपण पटकन म्हणू. ते खरंच आहे. पण त्याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे. गावात आपण कोण, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ते इतरांना ठाऊक असतं. म्हणजे आपली ओळख बरीचशी दुसऱ्यांच्या जवळ ठेवलेली असते. परक्या बंदरावर उतरलो की तिची साक्ष द्यायला कोणी नसतं. थकवा झोपेनं जातो, हे साक्षीदार नसणं झोपेनं जात नाही.

धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. बौद्ध धर्म मुळातून जाणून घ्यायचा, या एका ध्यासापायी त्यांनी १८९९ मध्ये घर सोडलं. पत्नी आणि तान्ही मुलगी मागे राहिली. पुणे, मग काशीत संस्कृतचं अध्ययन, तिथून नेपाळ, बोधगया, कलकत्ता, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. तिथली बोली येत नव्हती. गाठीला होतं काशीचं संस्कृत. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांनी त्यांना ठेवून घेतलं. तिथे ते पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे १९१० मध्ये हेच गृहस्थ 'विसुद्धिमग्ग'च्या कामासाठी हार्वर्डला गेले. तेव्हा ते बोलावलेले होते. कोलंबोत मात्र ते न बोलावता आले होते, आणि आपला प्रश्न त्या न बोलावलेल्या माणसाचा आहे.

अशा माणसाचं आपण काय देणं लागतो? कान्टनं १७९५ च्या शाश्वत शांतीवरच्या निबंधात याचं उत्तर दिलं. गंमत बघा, हा माणूस पूर्व प्रशियाबाहेर कधी गेला नाही! तो म्हणतो, हा दयेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसं कुठवर पांगणार? कधीतरी एकमेकांच्या दारात येणारच. म्हणून शांतपणे आलेल्याला शत्रू समजू नये. पण हा हक्क फक्त भेटीचा, मुक्कामाचा नव्हे. आणि परत पाठवायचं तर त्यात त्याचा जीव जाणार नाही, हे बघितलं पाहिजे.

आपल्याकडे काय आहे? अतिथी. इथे पाहुण्याचा हक्क नाही, यजमानाचा धर्म आहे. पण मनुस्मृती अतिथीची व्याख्या करते ती एक रात्र राहणारा अशी, तीही ब्राह्मणाच्या संदर्भात. म्हणजे कान्ट काय, मनू काय, दोघांनाही पाहुणा जाणारा हवा! जो राहतो, त्याचं काय? जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल याने १९०८ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. खरा परका वाटसरू नसतोच. तो आपल्यात येऊन राहतो, जवळ असूनही दूरचा वाटतो.

आता विनयपिटकाकडे या. चुल्लवग्गात 'आगंतुकवत्त' आणि 'आवासिकवत्त' असे नियम आहेत, म्हणजे नव्याने आलेल्या भिक्खूनं कसं वागावं आणि आधीपासून राहणाऱ्यानं कसं वागावं. येणाऱ्यानं वहाणा काढाव्यात, छत्री मिटावी, पिण्याचं पाणी कुठे, शौचाची जागा कुठली, भिक्षेला कुठे जायचं, हे विचारावं. राहणाऱ्यानं वडीलधाऱ्या आगंतुकाला आसन मांडावं, पाय धुवायला पाणी ठेवावं, पात्र-चीवर हातात घ्यावं. दीक्षेनं लहान असेल तर निदान कुठे काय आहे ते नीट सांगावं.

हे नियम भिक्खूंपुरते आहेत, हे खरं. पण त्यातला विचार बघा. कर्तव्य दोन्हीकडे वाटलेलं आहे. येणारा नुसता याचक नाही आणि राहणारा नुसता दाता नाही. शिवाय सुरुवात 'तू कोण, का आलास?' या चौकशीनं होत नाही, 'पाणी इथे आहे' या माहितीनं होते. ओळख पटल्यावर माणुसकी, असा हा क्रम नाही. आधी माणुसकी, मग तिच्यातून सावकाश ओळख. ज्याचे साक्षीदार मागे राहिले, त्याला नवे साक्षीदार असेच मिळतात.

मराठीत आज 'आगंतुक' म्हटलं की नकोसा, आपणहून घुसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. शब्दाचा मूळ अर्थ फक्त 'आलेला' असा आहे. आपली मुलं, नातवंडं शिकायला परदेशी जातात, तेव्हा विमानतळाबाहेर त्यांना कोणीतरी चार शब्द सांगावेत असं आपल्याला मनापासून वाटतं. आणि आपल्या पुण्या-मुंबईत बिहारमधून, ओडिशातून कोणी एकटा उतरतो, त्याला आपण काय सांगतो? पहिली अपेक्षा योग्य असेल, तर दुसऱ्या प्रश्नातून आपली सुटका नाही.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.