‘कोणीही वाचले नाही’

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, बफेलो आणि शेरिडन या दोन गावांच्या मधे, एका उघड्या डोंगरधारेवर दगडगोट्यांचा स्तंभ उभा आहे. त्यावर ढालीच्या आकाराची धातूची पाटी. २१ डिसेंबर १८६६ रोजी तीन अधिकारी, ७६ शिपाई आणि चार नागरिक कॅप्टन विल्यम फेटरमनच्या हुकमतीखाली इथे पडले. रेड क्लाउडच्या प्रचंड सू फौजेने त्यांना मारले, असं ती सांगते. शेवटचं वाक्य एवढंच : कोणीही वाचले नाही.

हे शेवटचं वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही.

जवळच फोर्ट फिल कार्नी होता. मोंटानात सोनं सापडलं आणि तिकडे जाणारी बोझमनची वाट लाकोटा (पाटीवरचे ‘सू’), शायान, अरापाहो या जमातींच्या शिकारीच्या मुलखातून घुसली. त्या वाटेच्या रक्षणासाठी कर्नल हेन्री कॅरिंग्टनने जुलै १८६६मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. किल्ला म्हणजे आपल्यासारखे बुरूज-तटबंदी नव्हे. पाइनचे सोट शेजारी शेजारी रोवून केलेलं लाकडी कुंपण. सरपण आणि इमारती लाकूड काही मैलांवरून आणावं लागे, आणि हल्ले व्हायचे ते याच लाकूडगाड्यांवर.

त्या दिवशीही गाड्यांवरच हल्ला झाला. फेटरमन ८० जणांना घेऊन निघाला. समोरची डोंगरधार ओलांडू नकोस, असा कॅरिंग्टनचा हुकूम होता. काही मोजके घोडेस्वार हूल देत मागे सरकत राहिले. त्यांत तरुण लाकोटा योद्धा क्रेझी हॉर्स होता, असं परंपरा सांगते. फेटरमनची तुकडी धार ओलांडून गेली. पलीकडे गवतात हजाराहून अधिक योद्धे दबा धरून बसले होते. ८१पैकी एकही परतला नाही.

मृतांत लेफ्टनंट ग्रमंड होता. त्याची गरोदर बायको फ्रान्सिस किल्ल्यात वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी मृतदेह आणायला खुद्द कॅरिंग्टन गेला. पुढे त्याची पहिली पत्नी वारली आणि १८७१मध्ये त्याने याच फ्रान्सिसशी लग्न केलं. ३ जुलै १९०८ रोजी स्तंभाचं अनावरण झालं, तेव्हा ही दोघं तिथे हजर होती. कॅरिंग्टन ८४ वर्षांचा. पराभवाचा ठपका पुसण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्या म्हाताऱ्या जोडप्याचं दुःख खरं होतं. ते मी नाकारणार नाही.

पण पाटी चुकते. नागरिक दोनच होते, चार नव्हेत. शायान आणि अरापाहो यांचा तिथे उल्लेखच नाही. आणि वाचले तर शेकड्यांनी! लाकोटांचा व्हाइट बुल त्या दिवशी सतरा वर्षांचा होता, फायर थंडर सोळाचा. दोघांनीही साठेक वर्षांनी या लढाईची हकिकत सांगितली आणि ती छापली गेली. पाटीच्या हिशेबात ही माणसं माणसांतच धरलेली नाहीत.

लाकोटांकडे या लढाईला नावही वेगळं आहे : ‘मुठीतले शंभर’. लढाईआधी पुरुष वा स्त्री यांपैकी काहीच न मानला जाणारा एक द्रष्टा डोंगरांवरून वेडावाकडा घोडा फेकत गेला. दर खेपेस परत येऊन, मुठीत इतके शत्रू आहेत, असं सांगायचा. सरदार म्हणत, एवढे पुरणार नाहीत. शेवटच्या खेपेस तो घोड्यावरून कोसळला आणि म्हणाला, मुठीत शंभर आहेत. तेव्हा सगळ्यांनी आरोळी ठोकली.

पुढची गोष्टही पाटीवर नाही. १८६८च्या फोर्ट लॅरमी तहानुसार सरकारला या वाटेवरचे किल्ले सोडावे लागले. किल्ले रिकामे होईपर्यंत लाकोटा सरदार रेड क्लाउडने सही केली नाही. केली ती नोव्हेंबरात. त्याआधी ऑगस्टमध्ये लष्कर फिल कार्नीतून निघून गेलं, आणि लगेच शायानांनी तो पेटवून दिला.

ही पाटी काढून टाकू नये. १९०८ साली काय विसरायचं ठरलं होतं, त्याचा तो अस्सल पुरावा आहे. मात्र कधी तिकडे गेलात, तर ती वाचून मोटारीकडे वळू नका. धारेवरून चालत जा, त्या उतारांकडे बघा आणि त्या दिवशी तिथून घरी परतलेल्यांचीही आठवण ठेवा.