ल्वारकांठची वेल, नाशिकचा मळा

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील वाइनच्या दुकानांत ‘शेनिन ब्लां’ असें नांव छापलेली पांढरी वाइन मिळते. नांव फ्रेंच, परंतु द्राक्षें बहुधा नाशिकचीं. ह्या द्राक्षाचें मूळ घर फ्रान्समधील ल्वार नदीचें खोरें होय. सुमारें १००० किलोमीटर लांबीची ही त्या देशांतील सर्वांत लांब नदी. तिच्या कांठीं, तूर शहराच्या पूर्वेस, वूव्रे नांवाचें गांव आहे. तेथील पांढरी वाइन जवळजवळ सर्वस्वी शेनिनचीच असते, आणि तिच्या नांवाला फ्रेंच कायद्यानें १९३६ सालीं संरक्षण दिलें. तेथील मऊ चुनखडीचा दगड घरें बांधण्यासाठीं खणून काढला गेला. मागें उरलेल्या गुहांतून वाइनचीं पिंपें विसावलीं.

त्या थंड प्रदेशांत शेनिन उशिरां पिकतें. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कधीं कधीं नोव्हेंबरपर्यंत एकाच मळ्यांत अनेक फेऱ्या घालून पिकलेले घड तेवढे खुडतात. ऊन कमी पडलें तर त्या वर्षीं कोरडी किंवा फसफसणारी वाइन अधिक होते. भरपूर पडलें तर मधासारखी गोडही होते. ‘कोरडी’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटतो. रसांतील जवळजवळ सर्व साखर आंबतांना मद्यार्कांत रूपांतर पावली, एवढाच त्याचा अर्थ.

नाशिकचा प्रश्न नेमका उलट आहे. तेथें साखर सहज भरते. जपावा लागतो तो आंबटपणा. शिवाय फ्रान्समध्यें वेल हिंवाळ्यांत पानें गाळून झोपी जाते, नाशिकच्या वेलीला ती झोप ठाऊकच नाहीं. म्हणून शेतकरी तिला वर्षांतून दोनदां छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिनें फळ धरणारी काडी तयार होते. पावसाळा सरतांना गोडी छाटणी, तिनें घड येतात. अशा रीतीनें घड थंडीच्या रात्रींत पोसून साधारणतः जानेवारी ते मार्च या काळांत उतरतात. द्राक्षांतील मॅलिक आम्ल उष्णतेनें झपाट्यानें खर्च होतें. गार रात्रींत तें टिकतें. ऊन चढूं लागल्यावर घड चार दिवस अधिक राहिला तरी साखर वाढते आणि आम्ल उतरतें. खुडणीचा दिवस ठरविणाऱ्याची खरी परीक्षा येथेंच. शेनिन जात्याच आंबट असल्यामुळें ह्या उन्हांतही त्याचा कांहीं कणखरपणा शिल्लक राहतो. राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ उभारलेल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० सालीं बाहेर पडली, तींतही शेनिन होतें. पुढच्याच वर्षीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें.

आतां ताटाकडे वळूं. ल्वारकांठीं ही वाइन नदीच्या माशाबरोबर घेतात, आणि माशावर लोण्याचा पांढरा सॉस असतो. लोण्याच्या स्निग्धपणाला वाइनचा आंबटपणा छेद देतो. आपल्याकडे लोण्याची जागा नारळानें घ्यावी. वर्सोव्याच्या बाजारांतून आणलेली कोलंबी नारळाच्या दुधांत मंद मसाल्यानें शिजवली, किंवा पापलेट रव्यांत घोळून तळलें, कीं शेनिन तेथें घरच्यासारखें वागतें. शाकाहारी घरांनीं हळहळण्याचें कारण नाहीं. सुरळीची वडी आणि कोथिंबीर वडी यांशीं त्याचें उत्तम जमतें. नाशिकच्या पुष्कळ शेनिनांत किंचित गोडी राखलेली असते. ती तिखटाचा दाह शमविते. उलट मद्यार्क तो वाढवितो. म्हणून जहाल तिखट रश्शाबरोबर कडक, कोरडी वाइन घेणें हें जिभेवर संकट ओढवून घेणें आहे.

चिंच, कोकम आणि व्हिनेगर यांच्यापासून मात्र जपावें. पदार्थ वाइनहून आंबट असला तर वाइन पाणचट लागते. सोलकढी आणि शेनिन एकाच घोटाच्या अंतरावर ठेवूं नयेत. गोराई-मनोरीच्या ईस्ट इंडियन घरांतलें व्हिनेगर घातलेलें इंदियाल कितीही रुचकर असलें, तरी त्याची सोबत दुसऱ्या पेयानें करावी. त्याच घरच्या बॉटल मसाल्यांतली, नारळाच्या रसाची सौम्य आमटी अधिक बरी.

बाटली आठ ते दहा अंश सेल्सिअस इतकी गार असावी. मुंबईच्या दमट हवेंत ती पाहतां पाहतां कोमट होते, म्हणून पेल्यांत थोडी थोडीच ओतावी आणि बाकीची पुन्हा शीतपेटींत ठेवावी. उघडलेली बाटली बूच घट्ट लावून दोन-तीन दिवसांत संपवावी.