क्लोरीनला पुरून उरणारा कॉश्च्युम

लेखमाला : तलावाच्या काठावरून – भाग ५

आठवड्यातून पाच-सहा दिवस पोहण्याचा सराव करणाऱ्या मुलामुलींच्या घरी दर काही महिन्यांनी एक वाक्य ऐकू येतंच : 'अगं, आत्ताच तर नवीन घेतला होता!' कॉश्च्युम फाटलेला नसतो. पण मागच्या बाजूला कापड विरलेलं असतं, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं, खांद्याचे पट्टे लोंबतात आणि भिंतीला पाय मारून निघालं की गळ्यातून पाणी शिरून पोटाशी फुगा होतो. मग कंपनीला बोल लावला जातो. खरं तर कॉश्च्युम कसा टिकणार याचा बराचसा अंदाज आतल्या शिवणीला लावलेल्या इवल्याशा लेबलवरून येतो, आणि दुकानात तेच कुणी वाचत नाही.

बाजारातल्या बहुतेक कॉश्च्युमच्या लेबलवर साधारण ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के इलास्टेन असं लिहिलेलं असतं. इलास्टेन म्हणजेच स्पॅन्डेक्स. लायक्रा हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध व्यापारी नाव. १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा तयार केला. कित्येक पट ताणायचा आणि सोडला की पुन्हा जागेवर यायचा, हा त्याचा गुण. त्यामुळे कापड मऊ लागतं, अंगाला छान बसतं. सुट्टीत चार दिवस डुंबायला असा कॉश्च्युम उत्तमच.

रोजच्या तलावात मात्र त्याची गाठ क्लोरीनशी पडते. पाण्यात क्लोरीन मिसळलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारण्याचं मुख्य काम तेच करतं. नायट्रोजन असलेल्या संयुगांशी ते चटकन जुळतं. घामातल्या आणि लघवीतल्या युरियाशी, अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन्स बनतात. 'आज टँकमध्ये क्लोरीन फार झालंय' म्हणून आपण नाक मुरडतो, तो वास बहुतांशी या क्लोरामाइन्सचा. आता इलास्टेनच्या रेणूंमध्येही युरियाच्या धर्तीचे नायट्रोजनयुक्त दुवे असतात आणि नायलॉनमध्ये अमाइडचे. क्लोरीन तिथेच जाऊन बसतं, दुवे कमकुवत करतं, शेवटी तोडतं. इलास्टेन आधी मान टाकतं, म्हणून फाटण्याच्या कितीतरी आधी कापड सैल पडतं. पॉलिएस्टरच्या साखळीत नायट्रोजनच नाही, त्यामुळे तिथे क्लोरीनला धरायला जागा मिळत नाही.

पण साधं पॉलिएस्टर फारसं ताणत नाही. ही अडचण पीबीटीने सोडवली. पूर्ण नाव पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट. हेही पॉलिएस्टरच्याच घराण्यातलं. त्याच्या साखळीत चार कार्बनचा लवचिक तुकडा असतो. ताण दिला की स्फटिकांची रचना लांबते आणि ताण गेला की पूर्वपदावर येते. काही टूथब्रशचे केसही याचे करतात; रोज वाकून पुन्हा ताठ उभं राहणं त्याच्या अंगचंच आहे. पॉलिएस्टर आणि पीबीटी जवळपास निम्मं-निम्मं, इलास्टेन शून्य, असं लेबल दिसलं तर दोन पैसे जास्त गेले तरी बेलाशक घ्या. स्पीडोचं एन्ड्युरन्स प्लस कापड याच जातीचं आहे. पाकिटावर ठळक अक्षरांत 'क्लोरीन रेझिस्टंट' लिहिलेलं असलं तरी आतलं लेबल वाचाच. कधीकधी तो शब्द फक्त प्रक्रिया केलेल्या इलास्टेनसाठी असतो. ते साध्यापेक्षा बरं, पण पीबीटीची सर त्याला नाही.

हे कापड जरा कडक लागतं. म्हणून पुष्कळ जण एक साइज मोठी घेतात आणि तिथेच फसतात, कारण पाण्यात ते किंचित सैलच वाटतं. घालून पाहताना दोन्ही हात कानाला लावून वर ताणा, मग कमरेत वाका. पट्टे खांद्यात रुतायला नकोत आणि गळ्याची कड छातीपासून सुटायला नको. मुलांच्या जॅमरला, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या घट्ट चड्डीला, आतून नाडी हवीच. नुसत्या इलॅस्टिकवर विसंबू नये. आपल्याकडे अनेक मुली आणि बायका अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम पसंत करतात. तो खुशाल घ्यावा. फक्त झालरीचा स्कर्ट टाळावा, तो प्रत्येक हाताला पाणी ओढतो. शिवाय कापड जितकं जास्त तितकं ते सैल पडल्यावर ओझं होतं, म्हणून अशा पोशाखात तर पीबीटीचा आग्रहच धरावा.

शर्यतीचा महागडा सूट सरावाला घालू नये, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. पॉलियुरेथेनच्या सूटांच्या जोरावर २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले आणि २०१० पासून ते सूट बाद झाले. आजचे शर्यतीचे सूट विणलेल्या कापडाचेच असतात, पण तेही नाजूक. रोजच्या लॅप्ससाठी ते बनवलेलेच नाहीत.

आता निगा. उतरण्यापूर्वीचा शॉवर फक्त नियमासाठी नसतो. साध्या पाण्याने आधीच भिजलेलं कापड तलावाचं पाणी कमी शोषतं. बाहेर आल्याबरोबर कॉश्च्युम गार पाण्यात खळबळून काढा. ओला गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून दिवसभर दप्तरात ठेवणं सर्वांत घातक. ब्रश, गरम पाणी, वॉशिंग मशीन आणि पिळणं नकोच. पावसाळ्यात टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि पंख्याखाली टाकावा, एरवी सावलीत. काठाच्या खरबरीत फरशीवर बसून घसरण्याची सवय मोडावी, मागच्या बाजूला गोळे धरतात ते त्यानेच. शक्य असेल तर दोन कॉश्च्युम आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला पुरतं वाळायला वेळ मिळतो.

आणि सैल पडलेला जुना टाकू नका. अनेक सराव करणारे तो नव्यावरून चढवतात. पाणी जास्त अडतं, हाताला जोर लावावा लागतो. मात्र खांदा दुखत असेल तर हा प्रयोग कोचला विचारल्याशिवाय करू नये.

पुढच्या भागात कॅप : सिलिकॉन, लेटेक्स आणि लांब केसांचा प्रश्न.