नाव कोरलेला वस्तरा : आधी कागद, मग पोलाद

जावयाला, वडिलांना किंवा परदेशी असलेल्या भावाला भेट काय द्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. घड्याळ आणि अत्तर सगळेच देतात. म्हणून काही हौशी मंडळी नाव कोरलेला वस्तरा, म्हणजे आपला उस्तरा, खास बनवून घेतात. वस्तू चांगली आहे. व्यवस्थित वापरली तर ती बापाकडून मुलाकडे जाते. परंतु हा सौदा घाईचा नव्हे. गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांनीही काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, भेट कोणासाठी? कावीळ आणि एड्सच्या भीतीने सलूनमध्ये दर गिऱ्हाईकाला पाते बदलण्याचा वस्तरा आला, आणि ते योग्यच झाले. तेव्हा अखंड पात्याचा वस्तरा एकाच माणसाने स्वतःसाठी वापरायचा. सलूनवाल्या मित्राला दिलात तरी तो त्याच्या घरच्या वापरासाठी, दुकानासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट पोलादाची. आम्हा कापडवाल्यांच्या हातात मेरठची कात्री असते. गाड्यांच्या जुन्या पाट्यांसारख्या भंगार पोलादातून ती घडते आणि पुन्हा पुन्हा धार लावून चालते. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान तिला नक्षीमुळे नव्हे, कामामुळे मिळाला. वस्तऱ्याचेही तसेच आहे. जर्मनीतील झोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफील्ड ही गावे वस्तऱ्यामुळे जगाला माहीत झाली. झोलिंगेनचे नाव कोणीही मालावर टाकू नये म्हणून तेथे १९३८ साली कायदा झाला. नावाची किंमत त्यांनी अशी जपली.

पाते सुमारे आठशे अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवतात आणि मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा शेकतात. यालाच पाणी देणे म्हणतात. पाणी दिलेले पोलाद इतके कडक होते की सोन्याचांदीवर चालणारी हातकलम त्यावर चालत नाही. म्हणून खोल कोरीवकाम करायचे असेल तर ते पाणी देण्यापूर्वी. तयार वस्तऱ्यावर आम्लाने किंवा लेझरने उथळ अक्षर काढावे, तेही धारेपासून दूर, मुठीजवळच्या जाड भागावर. काम करताना पाते तापून निळे पडले तर पाणी उतरले असे समजावे. असा वस्तरा शोभेपुरता उरतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुठीवर चांदीची पट्टी बसवून नाव तिच्यावर कोरणे. हे काम सराफाकडचा कोरणारा सहज करतो.

उलवे ही सिडकोने वसवलेली नवी वस्ती. अशा कामाचा जुना बाजार मुंबईतच आहे. खारकोपर किंवा बामणडोंगरीहून गाडी धरावी, नेरूळला बदलून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरावे. नळ बाजार आणि चोर बाजार तेथून पायी अंतरावर आहेत. जुना वस्तरा घेतलात तर पात्याला तडा नाही ना आणि धारेवर गंजाचे खड्डे नाहीत ना, हे उजेडात पाहावे.

तिसरी गोष्ट अक्षराची, आणि येथेच बहुतेक तक्रारी होतात. नाव उर्दूत हवे असेल तर कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येईलच असे नाही. तो फक्त आकार उतरवतो. 'जमाल'चा एक नुक्ता गळाला की 'हमाल' होतो. 'रहीम'मध्ये एक नुक्ता जास्त पडला की 'रजीम', म्हणजे धुत्कारलेला, होतो. कागदावरची चूक खोडता येते, पोलादावरची नाही. म्हणून आधी कातिबाकडून नाव लिहून घ्यावे, घरातील दोघांनी वाचावे, मगच कागद कारागिराच्या हाती द्यावा. अब्दुल्लाहसारखे नाव असेल तर ते पात्याऐवजी डबीवर घालावे. साबण आणि केसांत ते पडू नये.

चौथी गोष्ट व्यवहाराची. वस्तू बनवून घेण्याच्या सौद्याला हनफी फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. वस्तू अजून तयार नसली तरी तिचा प्रकार, माप, वर्णन आणि किंमत आधी स्पष्ट असेल तर तो जायज ठरतो. शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारावे. पोलाद कोणते, पात्याची रुंदी किती, मूठ कशाची, अक्षर कोठे, बयाना किती आणि माल कधी, हे सर्व एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. चिठ्ठी असली की गिऱ्हाईकाला ऐनवेळी नवी मागणी करता येत नाही आणि कारागिराची मजुरी अडकत नाही.

उलव्याला खाडीची दमट हवा आहे. कार्बन पोलाद लगेच गंजते आणि कोरलेल्या अक्षरात पाणी साचते. वापरल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नये. उलव्याच्या शेजारच्या नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत. परदेशी भेट नेणाऱ्याने वस्तरा हातातल्या पिशवीत ठेवू नये, विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात बांधावा. नाहीतर महिनाभराची मेहनत तपासणीच्या टेबलावरच राहील.

कारागीर बंधूंना एकच सांगणे. अक्षर कितीही सुंदर काढा, पण माल देण्यापूर्वी धार स्वतः तपासा. पहिल्याच सकाळी वस्तऱ्याने गाल ओरबाडला, तर त्यावरचे नाव कोणी कौतुकाने वाचणार नाही.